दोन बरण्यांचा कौल

एमिल ब्रुखनर आणि ऑरिन हाल्स्टेड यांचं भांडण माझ्या लग्नाच्याही आधीचं. टॅमरॅक गावातला हा बार माझा नवरा चालवायचा, तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी यायचे. एमिल काउंटरच्या डाव्या टोकाला बसायचा, ऑरिन उजव्या. जवळ बसून भांडलं तर हळू बोलावं लागतं, आणि हळू बोलणं दोघांनाही जमत नव्हतं. पुढे नवरा गेला आणि बार माझ्या गळ्यात पडला. हे दोघंही बारबरोबरच आले.

एमिलची गुरांच्या खाद्याची गिरणी होती, आणि तो डेमोक्रॅट पक्षाचा जिल्हाध्यक्ष होता. ऑरिनचं फर्निचरचं दुकान, मागच्या खोलीत शवपेट्या. अंत्यविधीचं सगळं तोच बघायचा. जिल्ह्यातला माणूस जन्मभर ऑरिनच्या खाटेवर झोपायचा आणि शेवटी ऑरिनच्याच पेटीत. "याचं गिऱ्हाईक कधी हातचं सुटत नाही," असं एमिल म्हणायचा. ऑरिन रिपब्लिकनांचा जिल्हाध्यक्ष होता, हे वेगळं सांगायला नको. एकाने हा घाट धरला म्हटल्यावर दुसऱ्याने पैलतीर धरायचाच.

सदुसष्टच्या हिवाळ्याच्या तोंडाला व्हिएतनामची लढाई चांगलीच लांबली होती. अध्यक्ष एमिलच्या पक्षाचा, म्हणून लढाईही एमिलची. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, आणि विस्कॉन्सिनात आम्हाला गाईंची काय कमी! वॉशिंग्टनहून काहीही बातमी आली तरी एमिल तिला गोड मानून घ्यायचा.

"आणखी सहा महिने," तो म्हणायचा. "मग बघा."

"मागच्या नाताळातही सहाच महिने होते," ऑरिन पलीकडून म्हणायचा. "तुमच्या पक्षाचे महिने पावसात भिजून फुगतात काय रे?"

"सगळा जिल्हा अध्यक्षांच्या मागे उभा आहे!"

"मागे उभा आहे कारण पुढे गेला की भरती होते."

असं रोज. एका शुक्रवारी मासळी तळता तळता माझा हात भाजला आणि डोकंही तापलं. व्हिनेगरमधल्या अंड्यांच्या दोन मोठ्या बरण्या नुकत्याच रिकाम्या झाल्या होत्या. त्या धुतल्या आणि दोन कागद चिकटवले. 'लढत राहा' असं लिहिलेली बरणी एमिलसमोर आदळली, 'पोरं घरी आणा' असं लिहिलेली ऑरिनसमोर.

"एक बाटली, एक झाकण, एक मत," मी म्हटलं. "जिल्हा कुणाच्या मागे उभा आहे ते जिल्ह्यालाच सांगू दे. आणि तुम्ही दोघं जरा तोंड मिटा."

तोंड काही मिटलं नाही, पण बरण्या मात्र भरायला लागल्या. आमच्याकडे साप्ताहिक चालवणाऱ्या डॉर्कसबाई व्हेन होत्या. बातमीचा वास त्यांना गिधाडाला यावा तसा यायचा. शनिवारी सकाळी त्यांनी माझ्या काउंटरवर झाकणं ओतली, मोजली, आणि हरवलेलं कुत्रं आणि चर्चचं जेवण यांच्या मधे छापून टाकलं: 'झस्ट्रोबाईंच्या बारमधला जनमताचा कौल'. झस्ट्रोबाई म्हणजे मी. एमिलची बरणी थोडी पुढे होती. पुढच्या आठवड्यात आमच्या राज्याच्या राजधानीतल्या, म्हणजे मॅडिसनच्या, एका दैनिकाने तेच उचललं. त्यांच्याकडे गेल्यावर माझा बार 'ग्रामीण मतदारांची नाडी' झाला.

नाडी म्हटल्यावर ती दाबायला हात येणारच. एमिलला वरून निरोप आला, की तुमचा जिल्हा ठाम दिसला पाहिजे. त्या संध्याकाळी गिरणीतले सगळे हमाल माझ्याकडे. एमिलने प्रत्येकाला बाटली दिली, आणि प्रत्येकाने झाकण डावीकडे टाकलं. बाहेर पडताना त्यातला एक मला विचारतो, "मावशी, कसली निवडणूक होती गं?"

ऑरिनची पंचाईत झाली. त्याची माणसं म्हणजे मेथडिस्ट चर्चची मंडळी, दारूच्या थेंबालाही न शिवणारी. दोन दिवस तो विचारात होता. तिसऱ्या दिवशी बाजूच्या दारातून त्याची बायको ॲल्मा आत आली. मागे टोप्या घातलेल्या सात-आठ बायका, चेहरे असे की जणू शेजारच्या घराला आग लागलीय आणि यांना पाणी मारायला बोलावलंय.

"आम्हाला रूट बियर," ॲल्मा म्हणाली. "जी नुसती नावाला बियर असते ती."

"ही लबाडी आहे!" एमिल उठून उभा राहिला. "सोडा पिणाऱ्याला मत कसलं?"

"संविधानात कुठे लिहिलंय की मत द्यायला झिंगावं लागतं?" ऑरिन म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी न्यायाधीश कधी झाले कुणास ठाऊक. "झाकण ते झाकण," मी निकाल दिला. त्या दिवसापासून मेथडिस्ट बायका दर गुरुवारी यायला लागल्या. प्रार्थनेनंतर यायच्या, गप्पा मारत बसायच्या, आणि खरं सांगते, त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त वेळ बसायच्या.

अडुसष्टच्या वसंतात एमिलच्या मुलाला भरतीचं बोलावणं आलं. लायल त्याचं नाव. आई तो शाळेत असतानाच गेली होती, बापाने एकट्याने वाढवलेला. हसरा पोरगा, गिरणीतल्या मांजरांनाही माणसांसारखी नावं देणारा. जाण्याच्या दिवशी बस थांब्यावर शाळेचा बँड होता आणि एमिलने भाषण केलं. देश हाक मारतो तेव्हा ब्रुखनरांच्या घरातून ओ येते, वगैरे. भाषण चांगलं झालं. शेवटच्या वाक्याला मात्र त्याचा आवाज एकदम बसला, आणि बँडवाल्याला वाटलं भाषण संपलं, म्हणून त्याने तिथेच वाजवायला सुरुवात केली.

त्या गोंधळात ऑरिन पुढे झाला आणि लायलच्या कानात बोलला. ऑरिनचं कानात बोलणं म्हणजे अर्ध्या चौकाला ऐकू जाणार.

"पोरा, डोकं खाली ठेव. ही लढाई आपली नाही. कुणी काही म्हणो."

लायलने दोघांशी हात मिळवला आणि बसमध्ये चढला.

त्या वर्षात ऑरिनने जिल्ह्यातली तीन पोरं पुरली. लष्कराकडून पेट्या बंद होऊन यायच्या, वर झेंडा. दफनानंतर तो बारमध्ये यायचा, पण त्या दिवशी भांडायचा नाही. एमिलही नाही. दोघं आपापल्या टोकाला बसायचे आणि मी मधे ग्लास पुसत राहायचे.

मग नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि ऑरिनचा पक्ष जिंकला. जानेवारीत शपथविधी झाला, तो सगळ्यांनी माझ्याच टीव्हीवर पाहिला. ऑरिनने सगळ्यांना सॉसेज खिलवले. एमिल म्हणाला की वरची मोहरीची चटणी कडू आहे.

गंमत पुढच्या आठवड्यात सुरू झाली. सोमवारी ऑरिन आला, बाटली मागितली, झाकण उघडलं आणि हातात धरून बसला. समोर बरणी, 'पोरं घरी आणा'. गेली सव्वा वर्षं त्याने याच बरणीत झाकणं टाकली होती. पण आता लढाई त्याच्या अध्यक्षाची. त्याने झाकण बोटांत फिरवलं, खिशात घातलं आणि घरी गेला. दुसऱ्या टोकाला एमिलचंही तेच. 'लढत राहा' म्हणायचं तर आता ते समोरच्या पक्षाला 'शाबास' म्हटल्यासारखं होत होतं.

मंगळवारी ऑरिनने कॉफी मागितली. बुधवारी एमिलनेही कॉफी मागितली.

"तब्येत बरी आहे ना दोघांची?" मी विचारलं.

"थंडी फार पडलीय," ऑरिन म्हणाला.

"फारच," एमिल म्हणाला.

टॅमरॅकमध्ये जानेवारीत थंडी पडते हे दोघांना साठ वर्षांत पहिल्यांदाच कळलं होतं. जिल्हाध्यक्ष कॉफीवर आले म्हटल्यावर कार्यकर्तेही कॉफीवर. शुक्रवारपर्यंत बारमध्ये माझ्याखेरीज कुणी बाटली उघडली नव्हती. एक माणूस उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला तर सगळा प्रश्न मिटत होता. पण उठणार कोण? उठलं की सगळ्यांना दिसणार. बसून राहिलं तर जीव घुसमटणार. घोडं असं पेंड खात होतं.

शनिवारी सकाळी बार उघडण्याआधी मी बरण्या घासायला घेतल्या. कागद भिजले, सुटले. नवे कागद कापले, लिहिले आणि चिकटवले. फक्त डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे.

मला वाटलं होतं दंगा होईल. खरं म्हणजे दंगा व्हावा अशीच माझी इच्छा होती. दोघांना एकदा तरी तोंडावर पाडावं, सगळ्यांनी पोट धरून हसावं आणि मग पुन्हा बियर सुरू व्हावी. मी पदराआड हसू दाबावं तसं फडकं तोंडाशी धरून उभी होते.

ऑरिन आला. बसला. बरणीकडे पाहिलं. मान थोडी वाकडी केली. 'लढत राहा'. पुन्हा वाचलं.

"लिओना, बरण्या घासल्यास वाटतं."

"घासल्या."

"छान केलंस. एक बाटली दे."

टक्. झाकण बरणीत.

थोड्या वेळाने एमिल आला. त्याने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा वाचलं. 'पोरं घरी आणा'. मग तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी छताकडे बघत होते.

"मलाही एक बाटली," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा होता. टक्.

मग हमाल आले, शेतकरी आले, दूध संघातली माणसं आली. जो तो आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसला, आणि नेहमीच्या बरणीत झाकण टाकून नेहमीसारखा भांडायला लागला. बोलणी तेवढी बदललेली. "आणखी सहा महिने," आता ऑरिन म्हणत होता. "कुणाचे महिने? फुगलेले?" एमिल विचारत होता. एकाही माणसाची जागा हलली नाही. हलली ती फक्त लढाई.

गुरुवारी मेथडिस्ट बायका आल्या. ॲल्माने रूट बियर उघडली, बरणीपाशी हात नेला आणि थांबली.

"अगं लिओना, हे उलटं झालंय."



"काही उलटं झालेलं नाही, ॲल्मा," ऑरिन म्हणाला. "परिस्थिती बदलली आहे."

"हो," एमिल पलीकडून म्हणाला. "परिस्थिती बदलली आहे."

त्या दोघांचं एकमत झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ॲल्माने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मग झाकण मुठीत धरून ती उठली, सगळा काउंटर चालत एमिलच्या टोकाला गेली आणि 'पोरं घरी आणा'मध्ये टाकलं.

"ॲल्मा!" ऑरिन ओरडला. "ती त्यांची बाजू आहे!"

"असेल. मला कागदावर लिहिलंय ते हवंय. मागच्या आठवड्यातही हेच हवं होतं." आणि ती तिथेच, एमिलच्या शेजारी बसली. त्या रात्री ऑरिनला घरी थंड जेवण मिळालं असं ऐकलं.

डॉर्कसबाईंनी छापलं: 'जनमतात मोठा पालट'. राजधानीच्या दैनिकाने पुन्हा उचललं. मग विद्यापीठातल्या कुणा प्राध्यापकाने लांबलचक लेख लिहिला की ग्रामीण मतदाराने आपली भूमिका एका आठवड्यात का बदलली. त्यात दुधाचे भाव होते, जर्मन वंशाचा स्वभाव होता, चर्चचा प्रभाव होता. माझ्या फडक्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

त्याच उन्हाळ्यात लायल परत आला. डाव्या मांडीत लोखंडाचे तुकडे शिरले होते, काठी घेऊन चालत होता. केस वाढवलेले. हसणं होतं, पण आता ते उशिरा यायचं, कुणीतरी आतून दार उघडून पाठवावं तसं. पहिल्या संध्याकाळी तो बारमध्ये आला तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना पाहायचं होतं, तो झाकण कुठे टाकतो. शेवटी तोच एक जण लढाई पाहून आलेला.

"लायलची बाटली माझ्याकडून," एमिल म्हणाला.

"माझ्याकडून," ऑरिन म्हणाला. "मी आधी हात वर केला."

लायलने दोन्ही बरण्या पाहिल्या. वाचल्या. मग बापाकडे पाहिलं, ऑरिनकडे पाहिलं. कोण कुठे बसलंय ते पाहून त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"लिओनामावशी," तो म्हणाला, "मला नळाची दे. ग्लासातली."

नळाच्या, म्हणजे पिंपातून काढलेल्या, बियरला झाकण नसतं. सगळा बार असा उसासला की मेणबत्ती असती तर विझली असती. त्यानंतर तो रोज यायचा आणि रोज नळाचीच प्यायचा. राजकारणाचं कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझ्या मांडीला विचारा. तिला हवामानही कळतं."

सत्तर साली पुन्हा निवडणुकीचा हंगाम आला, आणि एका दुपारी मिलवॉकीहून टीव्हीवाले आले. टाय लावलेला एक तरुण वार्ताहर, कॅमेरावाला आणि दिव्यांची खोकी. 'देशाचं मन दोन बरण्यांत' असा त्यांचा कार्यक्रम होता. एमिल नवा कोट घालून आला. ऑरिनकडे अंत्यविधीचे काळे कोट भरपूर होते, त्यातला त्याने बरा निवडला.

"ब्रुखनरसाहेब, या लढाईबद्दल आपलं मत?"

"पोरं घरी आली पाहिजेत," एमिल म्हणाला. "मी पहिल्यापासून हेच सांगतोय."

"आणि हाल्स्टेडसाहेब, आपण?"

"देशाने हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकू नये. मीही पहिल्यापासून हेच सांगतोय."

मागे कुणीतरी खोकलं. मग दुसरा खोकला. खोकल्याची साथच आली. वार्ताहराने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला काठी दिसली.

"तुम्ही तिथे होतात ना? कॅमेऱ्यासमोर एक झाकण टाकाल का?"

"टाकीन की," लायल म्हणाला. "पण माझा जरा गोंधळ झालाय. मी जायला निघालो तेव्हा या दोघांनी, म्हणजे माझे बाबा हे ब्रुखनरसाहेब आणि हे ऑरिनकाका, मला सल्ला दिला होता. एक म्हणाला होता, देश हाक मारतो तेव्हा आमच्या घरातून ओ येते. दुसरा म्हणाला होता, ही लढाई आपली नाही. साहेब, तुम्ही शहाणे आहात. कुणी काय म्हटलं असेल, ओळखा बघू."

"सोपं आहे," वार्ताहर म्हणाला. "तुमच्या वडिलांनी सांगितलं की ही लढाई आपली नाही. आणि या गृहस्थांनी—"

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. हसण्याने काउंटरवरचे ग्लास वाजायला लागले. गिरणीतला एक हमाल जमिनीवर बसला. वार्ताहर बिचारा विचारत राहिला, "काय चुकलं? काय चुकलं?" एमिल लाल झाला होता, ऑरिन पांढरा. आणि मग दोघंही एकदम एकमेकांवर तुटून पडले.

"तू तेव्हा म्हणालास काय आणि आता म्हणतोस काय!"

"मी? आणि तू बँड लावून काय केलंस?"

"बँड शाळेचा होता!"

"कॅमेरा बंद करू का?" कॅमेरावाल्याने विचारलं. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, हसून.

टीव्हीवर हे काहीच आलं नाही. आली ती फक्त ॲल्मा. हातात रूट बियर घेऊन ती म्हणत होती, "माझं म्हणणं सगळ्यांना घरी आणावं. माझ्या नवऱ्यालासुद्धा. तोही रोज इथेच असतो."

टीव्हीवाले गेले, गर्दी पांगली, आणि बारमध्ये चौघंच उरलो. लायल काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत होता.

"बाबा, चिडलात?"

"नाही," एमिल म्हणाला. "तुझी बस गेली ना, त्याच संध्याकाळी मला उठून पलीकडे जावंसं वाटलं होतं. ऑरिनच्या बरणीकडे. वर्षभर रोज वाटायचं. पण जिल्हाध्यक्ष उठला तर जिल्हा काय म्हणेल? मग एके दिवशी या बाईने फडकं फिरवलं, आणि मला उठावंच लागलं नाही. लिओना, त्या दिवशी तुझे पाय धरावेसे वाटले होते मला."

मी थट्टा करायला गेले होते आणि हा माणूस आभार मानत होता.

"आणि ऑरिनकाका, तुम्ही?" लायलने विचारलं.

ऑरिन कोटाची बटणं काढत होता. "तीन पेट्या मी माझ्या हाताने खाली सोडल्या," तो म्हणाला. "नंतर आणखी दोन आल्या. आया विचारतात, हाल्स्टेडसाहेब, कशासाठी गेला हो माझा? आता त्या बाईला मी सांगू, उगाच गेला म्हणून? मला नाही जमत ते. म्हणून म्हणतो, काम पुरं होऊ द्या."

"म्हणजे आणखी पेट्या," लायल शांतपणे म्हणाला.

ऑरिनने कोट घडी करून हातावर घेतला आणि टोपी विसरून घरी गेला.

एकाहत्तरच्या एप्रिलमध्ये लायल आणि त्याच्यासारखेच परतलेले तिघं जण वॉशिंग्टनला जायला निघाले. देशभरातून असे शिपाई तिथे जमणार होते, सरकारला सांगायला की आता पुरे. चौघांत मिळून एक मोटारसायकल होती आणि चालणारे पाय सहा-सात. लायलने बापाकडे गिरणीचा ट्रक मागितला.

एमिल माझ्या काउंटरवर डोकं धरून बसला. "वरून निरोप आलाय," तो म्हणाला. "पोरांना घरी आणायचं म्हणा, पण या लांब केसवाल्यांबरोबर फोटो नको. ट्रकवर गिरणीचं नाव आहे, म्हणजे माझं नाव आहे, म्हणजे पक्षाचं नाव आहे."

"म्हणजे ट्रक नाही," लायल म्हणाला.

"मी नाही म्हटलं का? मी फक्त सांगितलं."

"ताकाला आलात तर भांडं कशाला लपवता, बाबा?"

तेवढ्यात उजव्या टोकाकडून आवाज आला. "माझ्या गाडीवर कुणाचं नाव नाही."

सगळे वळले. ऑरिनच्या गाडीवर नाव असायची गरजच नव्हती. लांबलचक, काळी, मागे पडदे लावलेली शववाहिका. ती जिल्ह्यातल्या प्रत्येकाला माहीत होती, आणि प्रत्येक जण तिच्यात बसायचं शक्य तितकं टाळत होता.

"तुम्ही देणार?" लायलने विचारलं. "आम्ही कशासाठी जातोय ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मला ते मान्य नाही. साफ मान्य नाही." ऑरिनने घसा साफ केला. "पण आमच्या जिल्ह्यातली पोरं या गाडीतून आजवर एकाच रस्त्याने गेली आहेत. एकदा तरी तिने यांना बसलेलं न्यावं. आणि गाडी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. मीच चालवणार. चालक म्हणून, जिल्हाध्यक्ष म्हणून नव्हे."

शनिवारी पहाटे गाडी माझ्या दारात उभी राहिली. मी भाकरीएवढ्या पावांत सॉसेज भरून दिले. पुढे ऑरिन, त्याच्या शेजारी ॲल्मा. ती का जातेय हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मागे चार पोरं, दाढ्या आणि काठ्या एकमेकांत अडकलेल्या. डॉर्कसबाई कॅमेरा घेऊन उभ्या. गाडी सुरू झाली, आणि गिरणीच्या बाजूने एमिल धावत आला. धावत म्हणजे त्या वयात आणि त्या पोटाने जेवढं धावता येतं तेवढं. हातात चीजची पिशवी, पायात घरातल्या सपाता.

"थांब! थांब रे!"

ऑरिनने खिडकी खाली केली. "काय राहिलं?"

"मी राहिलो."

"डॉर्कसबाई फोटो काढतायत बरं का. पक्ष काय म्हणेल?"

"पक्ष गेला खड्ड्यात. दार उघड."

मागे बसायला जागा नव्हती. शेवटी पोरं दोन्ही बाजूंना सरकली आणि एमिल मधल्या लाकडी फळीवर, जिथे पेटी ठेवतात तिथे, आडवा झाला. चीजची पिशवी छातीवर.

"जिवंतपणी तुझ्या गाडीत आडवा होईन असं वाटलं नव्हतं," तो ओरडला.

"हलू नको," ऑरिन म्हणाला. "सवय होऊ दे."

वाटेत लोक टोप्या काढून रस्ता सोडत होते म्हणे. ओहायोत एका पोलिसाने वेगासाठी थांबवलं, मागचा पडदा सारला, आणि फळीवरच्या एमिलने त्याला चीज घेणार का विचारलं. पोलीस दंड करायचं विसरला.

आठवड्याभराने ते परतले. डॉर्कसबाईंचा फोटो तोवर दोन्ही पक्षांच्या कार्यालयांत पोचला होता. महिन्याभरात जिल्ह्याला दोन नवे अध्यक्ष मिळाले. तरुण, व्यवस्थित, वरचा निरोप घड्याळासारखा पाळणारे. त्यांची नावं आता मलाही आठवत नाहीत. लढाई त्यानंतरही दीड-दोन वर्षं चालली. ऑरिनला आणखी एका पोराला पुरावं लागलं, आणि त्या दफनाला एमिलने पेटीला खांदा दिला.

वॉशिंग्टनला काय झालं ते ऑरिनने कधी सांगितलं नाही. मला एमिलनेच सांगितलं. तिथे सरकारने मोठं कुंपण घातलं होतं, आणि पोरं एकेक करून पुढे जाऊन आपली पदकं त्या कुंपणापलीकडे फेकत होती. लायलची पाळी आली तेव्हा त्याने काठी ॲल्माच्या हातात दिली आणि एका पायावर तोल सांभाळत पदक फेकलं. एमिल रडत होता. ऑरिन टोपी हातात धरून ताठ उभा होता, स्मशानात उभा राहतो तसा. परतीच्या वाटेवर इंडियाना राज्य ओलांडेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. कुणी त्याला छेडलंही नाही.

मग एका वळणावर गाडी हळू करत, आरशात मागे न बघता, तो म्हणाला, "पोराचा हात चांगला आहे. बरंच लांब गेलं."